वाचता येणारी चिठ्ठी

नवऱ्याने बूट काढायच्या आतच सांगून टाकलं, "मोठ्या सरांच्या नावाने कुणीतरी औषधांच्या चिठ्ठ्या लिहितंय."

ग्रंथपालबाई ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. "कशावरून म्हणता?"

"वाचता येतात."

नवरा रुग्णालयाच्या औषधभांडाराचा प्रमुख होता आणि बाई त्याच रुग्णालयाच्या ग्रंथालयात. इमारत एकच. तो तळमजल्यावर खिडकीमागे बसे, त्या सर्वांत वरच्या मजल्यावर कपाटांमागे. मोठे सर म्हणजे मेडिसिन विभागाचे प्रमुख. डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं हे सगळं जग जाणतं, पण सरांच्या अक्षराला नुसतं वाईट म्हटलं तर ते कौतुक झालं असतं. त्यांची चिठ्ठी म्हणजे हृदयाचा आलेख होता: सुरुवातीला दोन उंचवटे आणि पुढे सपाट रेघ. भांडारातली माणसं ती घेऊन नवऱ्याकडे येत. तो चष्मा कपाळावर सरकवी, कागद उजेडाकडे धरी, एक डोळा बारीक करी आणि औषधाचं नाव, मात्रा, जेवणाआधी की नंतर, सगळं घडाघडा वाचून दाखवी. हे कसब साऱ्या रुग्णालयात त्याच्या एकट्याकडे होतं. तो रजेवर असला की भांडारातून घरी फोन येत आणि पलीकडचा माणूस चिठ्ठीचं वर्णन करून सांगे: "डावीकडे डोंगर आहे, मग खड्डा, मग काही नाही." नवरा डोळे मिटून औषध सांगे. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खुशीत असे.

"अक्षर सुटं," तो आता सांगत होता. "एकेक अक्षर वेगळं, शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं. आज एका रोग्याच्या बायकोने खिडकीवर मला चिठ्ठी वाचून दाखवली. मला!"

"सरांचं अक्षर सुधारलं असेल."

"या वयात? अक्षर म्हणजे काय गुडघा आहे, बदलून मिळायला?"

"आणि सही?"

"सही तीच आहे. पण त्यांची सही म्हणजे एक रेघ. ती तर मांजरसुद्धा मारील." त्याने बूट कोपऱ्यात सरकवले. "दर चिठ्ठीला मी वॉर्डात फोन करून खात्री करून घेतो, मगच औषध देतो. आणि फोन दरवेळी कोण उचलतं? सरांच्या हाताखालची ती निवासी डॉक्टर, टिपकागद. 'हो काका, सरांनीच लिहिलंय.' दरवेळी तीच, आणि दरवेळी हेच. मी उद्या अधीक्षक मॅडमना सांगणार."

बाईंनी पुन्हा सुरी चालवायला घेतली. चिठ्ठ्या कोण लिहितंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते नवऱ्याला सांगायची सोय नव्हती.

*

याची सुरुवात ग्रंथालयात झाली होती. पुस्तकं वॉर्डापर्यंत जात नाहीत आणि डॉक्टर ग्रंथालयापर्यंत येत नाहीत, असं बाई दरवर्षीच्या अहवालात लिहीत आल्या होत्या. शेवटी कुणीतरी तो अहवाल वाचला आणि ग्रंथालयाला हातात मावतील असे छोटे संगणक मिळाले. राखाडी रंग, वर काचेचा चौकोन, खाली लिहायला जागा आणि कडेला खोचलेली प्लॅस्टिकची काडी. त्यावर काडीने लिहायचं म्हणून निवासी डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पाटी.

पाटीत बाईंनी काय काय भरलं होतं! औषधांच्या मात्रा, कुठल्या औषधाचं कुठल्या औषधाशी वाकडं आहे, मूत्रपिंड दमलेलं असेल तर काय कमी करायचं, शिवाय नव्या नियतकालिकांतल्या लेखांचा गोषवारा. आठवड्यातून एकदा पाटी ग्रंथालयात आणून तिथल्या संगणकाला जोडलेल्या बैठकीत ठेवली की जुनी माहिती जाऊन नवी येई. निवासी डॉक्टर त्या बैठकीला पाळणा म्हणत आणि पाटी आणून ठेवताना "झोपवा हिला" असं सांगून जात. दोन पाट्या समोरासमोर धरल्या की एकीतलं टिपण दुसरीत उडी मारी. हे कळल्यावर पहिला आठवडा निवासी डॉक्टरांनी एकमेकांना फक्त विनोद पाठवले. बाईंनी ते चालवून घेतलं. ज्या वस्तूवर माणूस हसतो ती वस्तू तो हरवत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

मोठ्या सरांना मात्र पाटीचं नाव काढलेलं खपत नसे. "डोकं घरी विसरून येता का?" ते राउंडवर विचारत. मग निवासी डॉक्टर पाटी रोग्याच्या फायलीआड धरून वाचायचे. टिपकागद यात सर्वांत तयार. सरांच्या तोंडून सांडलेला प्रत्येक शब्द ती टिपून घेई म्हणून तिचं हे नाव पडलेलं. एकदा सरांनी एका म्हाताऱ्या रोग्याच्या खाटेशी थांबून मात्रा विचारली, तिने मिलिग्रॅमपर्यंत अचूक सांगितली.

"पाठ आहे?" सर खूश.

"हो सर."

तेवढ्यात फायलीच्या आत काहीतरी टुणकन वाजलं. खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान उचलून विचारलं, "डॉक्टर, माझी फाईल का ओरडतेय?"

असे हे सर एका दुपारी, ग्रंथालयात चिटपाखरू नसताना, दाराआडून डोकावले. आत येऊन त्यांनी दार लोटलं, कपाटांच्या रांगांमधून एक फेरी मारून कुणी नाही याची खात्री केली आणि बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"ते यंत्र दाखवा जरा."

झालं होतं असं: नव्या सत्रापासून वॉर्डातली सगळी औषधं पाटीवरूनच लिहायची, असं प्रशासनाने ठरवलं होतं. अधीक्षक मॅडमनी विभागप्रमुखांना खोलीत बोलावून प्रात्यक्षिक करवलं. सरांनी पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं. पाटीने ते वाचून जे दाखवलं त्यात दोन स्वल्पविराम आणि एक प्रश्नचिन्ह होतं. सरांनी पुन्हा लिहिलं, तर प्रश्नचिन्ह वाढलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "असू दे सर, होतं असं." त्या 'असू दे'ने सरांची झोप उडाली होती.

"हे बाहेर जाता कामा नये, बाई."

"सर, इथे कोण काय विचारायला येतं ते मी कुणाला सांगत नाही."

बाईंनी हे सरांपुरतं म्हटलं नव्हतं. नोकरीला लागल्यापासूनचा त्यांचा तो नेम होता. कधीकाळी एक शल्यविशारद स्वतःच्याच आजाराबद्दल वाचायला रोज येऊन बसत. त्यांच्या बायकोने येऊन विचारलं, "हे इथे काय वाचतात?" तेव्हाही बाईंनी कानावर हात ठेवले होते. ज्याला आपलं अज्ञान लपवून विचारायची जागा मिळत नाही तो विचारणंच सोडतो, आणि डॉक्टराने विचारणं सोडलं की त्याचे भोग खाटेवरच्या माणसाला भोगावे लागतात. हे बाई कुणाला समजावत बसत नसत. फक्त पाळत.

शिकवणी सुरू झाली. पाटीला साधी इंग्रजी अक्षरं चालत नसत. काडी न उचलता एका झटक्यात अक्षर काढावं लागे, आणि त्यासाठी काही अक्षरांचे हातपाय तोडलेले होते. बाईंनी त्याचा मोठा तक्ता करून टेबलामागच्या भिंतीवर लावला होता.

"मी 'ए' काढला," सर म्हणाले. "ही 'एल' दाखवते."

"तुम्ही मधली रेघ ओढायला काडी उचललीत. तिला वाटलं, अक्षर संपलं."

"तिला वाटलं? तिला काय वाटायचंय?"

"'ए' म्हणजे नुसतं छप्पर, सर. मधली तुळई नको."

"तुळईशिवाय छप्पर खाली येतं."

"इथे नाही येत. काढा पुन्हा."

सर पाटीवर ओरडून पाहत, भुवया चढवत. एका भुवईवर सगळा वॉर्ड सरळ करणारा हा माणूस, पण पाटी ढिम्म. इमारतीत त्यांना न घाबरणारी ती पहिलीच. मग हळूहळू ते नमले. 'टी'चा उजवा हात त्यांनी सोडला, 'एफ'चा मधला दात पाडला, माशासारखा 'के' जमला त्या दिवशी बाईंना चहा पाजला. गाडीत, सभेत, वर्तमानपत्राच्या कडेला, जिथे मिळेल तिथे ते गिरवत सुटले. हाताला एकदा वळण लागलं की हात कागद पाहत नाही आणि काच पाहत नाही. चिठ्ठ्यांवरही तेच अक्षर उतरायला लागलं. हे बाईंच्या ध्यानात यायला हवं होतं. ते आलं भाजी चिरताना, नवऱ्याच्या तोंडून.

*

दुसऱ्या दिवशी नवरा घरी विसरलेली, बाईंनी सोबत आणलेली चष्म्याची डबी मागायला वर ग्रंथालयात आला. डबी घेतली, वळला आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर थबकला.

"हे काय आहे?"

"पाटीची अक्षरं."

नवऱ्याने खिशातून चिठ्ठी काढली, तक्त्याशेजारी धरली, चष्मा कपाळावर नेला. बिनतुळईचं छप्पर. एका हाताचा 'टी'. तो इतक्या वेगाने जिना उतरला की बाईंना "अहो" म्हणायलाही सवड मिळाली नाही.

त्यांनी सरांना वॉर्डाच्या बाहेर गाठलं. सर हसायलाच लागले. "तुमच्या नवऱ्याला माझं अक्षर वाचता येतं म्हणून तक्रार आहे?"

"तक्रार टिपकागदवर आहे, सर. दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहिणाऱ्याला इथे ठेवत नाहीत. तिचं शिक्षण अर्ध्यावर राहील."

सरांचं हसू ओसरलं. "मी बघतो. सांगतो चिठ्ठ्या माझ्याच आहेत म्हणून."

"आणि अक्षर कसं बदललं, ते?"

"ते कोण विचारणार आहे?" सर म्हणाले. बाईंना एक माणूस दिसत होता, जो विचारल्याशिवाय राहणार नव्हता. त्याच्याशी त्यांनी लग्न केलं होतं.

*

दुपारी सगळ्यांना अधीक्षक मॅडमच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलाच्या काचेवर चिठ्ठ्या मांडलेल्या. एका बाजूला नवरा, ताठ. दुसऱ्या बाजूला टिपकागद, हात एप्रनच्या खिशात आणि चेहरा एप्रनइतकाच पांढरा. बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. सर सर्वांत शेवटी आले आणि बसलेच नाहीत.

"चिठ्ठ्या माझ्या आहेत. विषय संपला."

"सर, तुमच्याबद्दल कुणाला शंका नाही," नवरा नम्रपणे म्हणाला. "फक्त इथे एक ओळ लिहून द्या."

"म्हणजे मी परीक्षा द्यायची? तुम्हाला?"

"एकच ओळ, सर."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मॅडमच्या टेबलावरचं पेन उचललं, उभ्याउभ्याच कागदावर ओढलं आणि कागद नवऱ्यापुढे भिरकावला. बाईंनी लांबूनच पाहिलं. दोन उंचवटे आणि पुढे सपाट रेघ. रागाच्या भरात महिन्याभराची शिकवणी वाहून गेली होती.

नवऱ्याने कागद उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक केला. "'हा शुद्ध मूर्खपणा आहे,'" त्याने वाचून दाखवलं, आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलला. "मॅडम, हे सरांचं अक्षर! हे! त्या चिठ्ठ्या नव्हेत."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. "सर, तुम्ही विद्यार्थिनीला पाठीशी घालताय. तुमचा मोठेपणा मी समजू शकते."

मोठेपणा सरांच्या अंगाला आयता चिकटला होता, आणि तो काढून टाकायचा तर आतलं सगळं दाखवावं लागलं असतं.

"मी नाही लिहिल्या," टिपकागद म्हणाली. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "सरांनी माझ्यासमोर लिहिल्या."

"मग अक्षर बदललंय हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना. आम्हा सगळ्यांनाच दिसलं."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

टिपकागदने सरांकडे चोरून पाहिलं. "आम्हाला वाटलं, सरांना काहीतरी झालंय. अक्षर अचानक बदलणं हे मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतं, असं सरांनीच शिकवलंय. आम्ही पाटीवर शोधलं. अक्षर बिघडण्याचे आजार पुष्कळ आहेत. सुधारण्याचा एकही सापडला नाही. म्हणून आम्ही जास्तच घाबरलो."

"कोण आम्ही?" सर गरजले.

"सगळा वॉर्ड, सर. तुम्हाला डोक्याचा फोटो काढायला कुणी सांगायचं, यासाठी आम्ही काड्यासुद्धा उचलल्या. आखूड माझ्याच वाट्याला आली."

नवऱ्याला खोकला आला. मॅडम हसल्या नाहीत. त्या बाईंकडे वळल्या.

"बाई, ही अक्षरं तुमच्या पाटीची आहेत, असं तुमचे यजमान म्हणतात. ती तुम्ही शिकवता. निवासी डॉक्टर सोडून आणखी कुणाला शिकवलीत?"

"ते मी सांगत नाही, मॅडम."

"का?"

"ग्रंथालयात कोण काय विचारायला येतं ते मी कधीच सांगत नाही."

"अगं, सांगून टाक ना!" नवरा म्हणाला.

"ऑफिसात अगं नको."

"म्हणजे आणखी कुणीतरी आहे," मॅडम म्हणाल्या.

"असंही मी म्हटलेलं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "एका मुलीची इथली जागा जातेय, बाई. तुमच्या एका शब्दावर ती वाचत असेल, तर हा नियम पाळायचा कशासाठी?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. सरांकडे बघायचं नाही हे त्यांनी आत येतानाच ठरवलं होतं, कारण नजरही चहाडी करते. टिपकागदकडे मात्र त्यांना बघवेना. ही मुलगी दर आठवड्याला पाटी घेऊन वर यायची आणि जाता जाता एखादा प्रश्न विचारायची, जो राउंडवर विचारायची तिची छाती नव्हती. नाव सांगितलं तर ती वाचेल, पण मग यापुढे असा प्रश्न घेऊन ती तरी वर येईल का? आणि न सांगावं तर ती यायला इथे उरणारच नाही. नेम मोडून मुलगी वाचवायची की नेम पाळून घालवायची? दोन्ही वाटा त्यांनी तपासून पाहिल्या, पुस्तकाची पाठपोट पानं तपासावीत तशा. मग त्यांना तिसरी सुचली. ती सोपी नव्हती.

"नाव मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या मुलीने चिठ्ठ्या लिहिलेल्या नाहीत, हे मी लिहून देते. खोटं ठरलं तर तिच्या ऐवजी मला घरी पाठवा."

"आणि आधार काय?"

"आधार सांगता आला असता तर लिहून कशाला दिलं असतं?"

"बाई, अशा कागदाला किंमत नसते. तो दिलात तर सोबत तुमचा राजीनामाही मला ठेवून घ्यावा लागेल. चौकशी संपेपर्यंत."

"चालेल. कागद द्या."

"अहो मॅडम, ती गंमत करतेय," नवरा घाईने म्हणाला. मग त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो चेहरा त्याला सरांच्या अक्षराइतकाच पाठ झाला होता. त्याचा आवाज खाली आला. "नाही. गंमत नाही करत."

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी तो घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि वर तारीख घातली.

"पाटी आहे का कुणाकडे?" सर म्हणाले.

टिपकागदचा हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला आणि पाटी बाहेर आली. मग आपण राउंडवर नाही हे आठवून तिने ती पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला.

"द्या इकडे. लपवू नका. फायलीआडही रोज दिसते मला."

सरांनी खुर्ची ओढली. पहिल्यांदाच बसले. काडी बोटांत धरली, चष्मा सारखा केला आणि लिहायला लागले. पाटीने टुण केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा टुण. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. काय चुकतंय ते त्यांना इथून दिसत होतं, आणि ते सांगायचं नव्हतं. सरांनी डोळे मिटले, पुटपुटले, "छप्पर. नुसतं छप्पर," आणि जिभेचं टोक ओठांत धरून पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाटी गप्प राहिली. अक्षरामागून अक्षर उमटत गेलं. बराच वेळ लागला. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग सरांनी तीच ओळ कागदावर उतरवली आणि पाटी व कागद दोन्ही मॅडमपुढे ठेवले.

दोन्हींवर इंग्रजीत एकच मजकूर होता: चिठ्ठ्या माझ्या आहेत आणि मी शिकतो आहे.

कागदावरचं छप्पर बिनतुळईचं होतं आणि 'टी'ला एकच हात होता. मॅडमनी तो काचेवरच्या चिठ्ठ्यांशी लावून पाहिला. मग नवऱ्यानेही पाहिला. चष्मा कपाळावर न नेता.

"बाई महिनाभर मला शिकवताहेत," सर म्हणाले. "मी अगदीच ढ विद्यार्थी आहे, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज राजीनामा लिहायला बसल्या, तरीसुद्धा नाही. म्हटलं आपणच सांगावं."

"म्हणजे सर, तुम्हाला काही झालेलं नाही?" टिपकागदने विचारलं. स्वतःची जागा वाचली हे बहुधा तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"झालंय. राउंडला उशीर झालाय. चला." दारात पोचल्यावर ते थांबले. "आणि पाटी हातात धरून चला. फाईल रोग्याची आहे, तुमचा पडदा नव्हे."

बाईंनी तारीख घातलेला कागद चुरगाळून मॅडमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवऱ्याने मात्र दुसरा कागद, ज्यावर 'हा शुद्ध मूर्खपणा आहे' असं लिहिलेलं होतं तो, घडी घालून हळूच खिशात ठेवला. त्या अक्षरातला तो आता शेवटचाच नमुना होता.

*

रात्री नवरा जेवायला बसला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"भाजी चिरत होतीस तेव्हाही?"

"हो."

"आणि मला गाढव होऊ दिलंस."

"मी म्हटलं होतं, अक्षर सुधारलं असेल. तुम्हीच गुडघा मध्ये आणलात."

नवऱ्याने घास चावून संपवला. "राजीनामासुद्धा खरंच देणार होतीस?"

"टोपण काढलं होतं ना पेनाचं?"

जेवण झाल्यावर त्याने न सांगता भांडी घासायला घेतली.

मॅडमच्या खोलीतली हकिकत संध्याकाळपर्यंत रुग्णालयभर झाली होती. बाईंना वाटलं, आता लोक हसतील. हसले, पण सरांना. बाईंच्या बाबतीत निराळंच घडलं. दोन दिवसांनी, ग्रंथालय रिकामं असायच्या वेळेला, शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख आले आणि दार लोटून म्हणाले, "हे कुणाला कळायला नको." त्यानंतर बालरोगवाले आले. मग क्ष-किरणवाले. ते आले तेव्हा बालरोगवाले अजून बसलेलेच होते, म्हणून त्यांना जुन्या नियतकालिकांच्या कपाटामागे उभं राहावं लागलं. रुग्णालयातल्या निम्म्या वरिष्ठांना पाटी येत नव्हती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच येत नाही. बाईंनी वेळा वाटून दिल्या, कुणाची कुणाशी गाठ पडू नये अशा. एकदा अधीक्षक मॅडमही येऊन गेल्या. कशासाठी, ते कळायला मार्ग नाही.

मग एका दुपारी दार पुन्हा लोटलं गेलं. आलेल्या माणसाने कपाटांमधून एक फेरी मारली, परत आला आणि टेबलासमोर उभा राहिला. चष्मा कपाळावर होता.

"बाई," नवरा म्हणाला, "मला ती पाटी शिकायची आहे. नव्या सत्रापासून चिठ्ठ्या तिच्यावरच येणार म्हणतात."

बाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर काही नाही. "बसा ना."

तो बसला नाही. "एक अट आहे. माझी बायको याच हॉस्पिटलात आहे. तिला कळता कामा नये."

"कळणार नाही."

"चेष्टा करील हो ती. आधीच एकदा हसं झालंय माझं."

"तुमची बायको मला दाराबाहेर भेटली तरी मी तिला काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या आणि काडी पुढे केली. "'ए' काढा बघू."

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढले, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसला.

"आज दुपारभर साठ्याची तपासणी होती," तो म्हणाला. "बोटं अगदी दुखून आलीत."

"हो का?" बाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.